पिवळी बस

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला सनफ्लॉवर परगणा. नजर जाईल तिथवर कापूस. 20 भावंडांतलं शेंडेफळ असलेल्या फॅनी लू हेमर सहाव्या वर्षीच वेचणीला लागल्या. पुढे एका मळ्यावर हजेरीचं आणि वजन नोंदवायचं काम त्यांच्याकडे आलं. मालकाचा काटा खोटा. मालक नसला की फॅनी लू स्वतः आणलेलं वजन लावायच्या, आणि त्या दिवशी वेचणाऱ्यांच्या पदरात पुरतं माप पडायचं.

परगण्यात वस्ती जास्त कृष्णवर्णीयांची. पण आपल्यालाही मत देता येतं, हे फॅनी लूंना कळलं 1962 च्या ऑगस्टमध्ये, चर्चमधल्या एका सभेत. तेव्हा त्या 44 वर्षांच्या होत्या.

31 ऑगस्टला फॅनी लूंसह 18 जण मतदार म्हणून नाव नोंदवायला जुन्या बसनं इंडियनोला गावच्या कोर्टात गेले. आत एका वेळी दोघांनाच सोडलं. अर्जात लिहायचं, कामाला कुणाकडे आहात. म्हणजे नाव नोंदवायला जाणं मालकापासून लपणारच नाही. मग कारकून राज्यघटनेतलं एक कलम पुढ्यात टाकणार. ते उतरवा आणि अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, तेही तोच ठरवणार. वेचणी संपली की मगच जिची शाळा भरायची, त्या बाईपुढे 'डी फॅक्टो' कायद्यांचं, म्हणजे कागदावर नसले तरी व्यवहारात चालणाऱ्या कायद्यांचं, कलम आलं. त्या नापास झाल्या.

परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बस जास्तच पिवळी आहे, शाळेच्या बससारखी दिसते! दंड 100 डॉलर. घासाघीस करून तो 30 वर आला. वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसांनी खिसे झाडले. सगळे धास्तावलेले. तेवढ्यात बसमधून एक आवाज उठला. फॅनी लू चर्चमधली गाणी म्हणत होत्या.

त्या घरी पोचायच्या आत मालकाला खबर लागली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते." 18 वर्षांचं घर त्या रात्रीच सुटलं. दहा दिवसांनी, त्या जिथे आसऱ्याला होत्या त्या घरावर 16 गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवानं त्या तिथे नव्हत्या.

जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. तरी मत नाहीच! आता मतदान कर भरल्याच्या पावत्या हव्या होत्या. जूनमध्ये मिसिसिपीतल्याच विनोना गावी त्यांना अटक झाली. तिथल्या तुरुंगात पोलिसांनी इतर कैद्यांकरवी त्यांना इतकं मारलं, की मूत्रपिंड कायमचं दुखावलं.

22 ऑगस्ट 1964. अटलांटिक सिटी, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मिसिसिपीच्या प्रतिनिधींत सगळे गोरे. त्याविरुद्ध फॅनी लू प्रतिनिधींची वैधता ठरवणाऱ्या समितीपुढे बसल्या आणि बसपासून तुरुंगापर्यंत सगळं सांगू लागल्या. दूरचित्रवाणीवर ते थेट दिसत होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, याच पक्षाचे लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे व्हाइट हाऊसकडे वळले. पण त्याच रात्री वाहिन्यांनी फॅनी लूंची साक्ष देशभर दाखवली.

6 ऑगस्ट 1965 ला, वर्णावरून कुणाचं मत नाकारायला बंदी घालणारा मतदान हक्क कायदा झाला. त्यावर सही जॉन्सन यांचीच.