तांबड्या पेशीच्या दाराशी

नमस्कार. एवढ्या पावसातही सभागृह भरलंय, दाराशी छत्र्यांचा ढीग लागलाय, फार बरं वाटलं. हिवतापावर बोलायचं तर असेच दिवस हवेत.

समोर साठीच्या पुढची बरीच मंडळी दिसताहेत. त्यांना मलेरियावाला कोण हे सांगायला नको. आमच्या मुळशीकडच्या गावात तो खाकी कपड्यांत यायचा. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर थेंब पसरायचा, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या घरी. चहा घेतल्याशिवाय आजी त्याला जाऊ द्यायची नाही. तिची दोन भावंडं लहानपणीच हिवतापानं गेली होती. वेळेवर कोयनेल, म्हणजे क्विनाइन, मिळालं नाही, एवढंच ती सांगायची.

१९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि ८ लाख दगावायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरात डीडीटी मारलं गेलं, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. संपला म्हणून सगळे निर्धास्त झाले, तर १९७६ साली ६४ लाख! डास डीडीटीला सरावले होते, हिवतापाचा परजीवी औषधाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट ठाण मांडून बसली आहे. डास बदलतो, परजीवी बदलतो. मग तो ज्या घरात शिरतो, त्या घराच्या दाराकडे आपण इतक्या उशिरा का वळलो? ते घर म्हणजे आपल्या रक्तातली तांबडी पेशी.

त्याच १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी शरीराबाहेर सतत वाढवून दाखवला. माणसाचं रक्त, पोषकद्रव, ३७ अंश तापमान आणि एक मेणबत्ती. खरंच मेणबत्ती! काचेच्या बरणीत बशा ठेवायच्या, मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं, ज्योत विझायला आली की झडप बंद. आत प्राणवायू कमी उरतो, आणि परजीवीला तेच मानवतं. प्रयोगशाळेत मीही तशीच बरणी वर्षानुवर्षं सांभाळली.

आता रक्ताच्या एका पिशवीचं सांगते, कारण आजचा सगळा विषय तिथेच सुरू होतो. परजीवीला खायला ताजं रक्त लागतं. साठा संपत आला की मी लूनावर बर्फाची पेटी बांधून शहरातल्या एका रक्तपेढीत जायची. एकदा नवी पिशवी लावली आणि परजीवी मान टाकायला लागला. १०० पेशींमागे ५-६ बाधित दिसायच्या, तिथे एकसुद्धा शोधावी लागायची. आधी पोषकद्रव बदललं. मग काचसामान पुन्हा उकळलं. बरणीची झडप बदलली. आमच्या सरांनी माझ्या हातांवर शंका घेतली, ते मला फार लागलं. पाच आठवडे असे गेले. शेवटी उरलेला परजीवी दुसऱ्या दात्याच्या रक्तात घातला, आणि चार दिवसांत गिम्सा रंगानं रंगवलेल्या पट्टीवर परजीवीच्या त्या जांभळ्या अंगठ्या पुन्हा दिसायला लागल्या. परजीवी ठणठणीत होता. त्याला आत घेत नव्हत्या त्या पेशी!

मी धावत पेढीत गेले. हा दाता कोण, त्याचं आणखी थोडं रक्त मिळेल का? नाव सांगता येणार नाही म्हणाले, आणि नियम योग्यच आहे. पिशवीवर क्रमांक आणि रक्तगट, बस्स. थंडीत ठेवलं तरी रक्त ३५ दिवस टिकतं, आणि ते दिवस मी केव्हाच घालवले होते. या शहरात कुणीतरी असं रक्त घेऊन फिरतंय आणि त्याच्या पेशीत काय वेगळं होतं ते मला कधीच कळणार नाही, ही रुखरुख अजून गेलेली नाही.

सगळ्यांच्या तांबड्या पेशी सारख्या नसतात, हे आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायची गरज नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी दुर्मीळ बॉम्बे रक्तगट शोधला तो मुंबईतच. हिवतापापुरतं बोलायचं तर पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. व्हायव्हॅक्स हा हिवतापाचा दुसरा परजीवी त्यालाच धरून शिरतो, म्हणून तिथे व्हायव्हॅक्स हिवताप क्वचितच आढळतो. आपल्याकडे ते बहुतेकांना असतं, आणि व्हायव्हॅक्सही आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मुख्य मुद्दा तर आता येतोय, भरभर सांगते.

परजीवीचं रक्तातलं रूप म्हणजे मेरोझोइट, जेमतेम एक मायक्रॉनचं. पेशी सात-आठ मायक्रॉनची. तो चिकटतो, पेशीला हेलकावे देतो, आपलं टोक तिच्याकडे वळवतो, स्वतःचीच खुंटी तिच्या भिंतीत ठोकतो आणि तिला धरून आत सरकतो. सगळा खेळ मिनिटभराचा. यातलं पेशीचं कोणतं प्रथिन दाराची कडी आहे, हे ठरवायचं कसं? जनुक काढून बघावं, तर तांबड्या पेशीला केंद्रकच नाही, म्हणजे काढायला जनुकही नाही. म्हणून पेशीच्या आईकडे जायचं. जिच्यापासून रक्तपेशी घडतात त्या मूलपेशीतलं जनुक बंद करायचं, मग तिला तीनेक आठवडे वाढवून तांबडी पेशी करायची. याच वाटेनं २०१५ मध्ये परजीवीला शिरायला लागणारं सीडी५५ हे प्रथिन हाती लागलं. पण मूलपेशींचा साठा दरवेळी संपतो, नवा दाता शोधा, पुन्हा माझ्या पिशवीचीच कथा! ब्रिस्टलच्या गटानं २०१७ मध्ये एका प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतून बेल-ए नावाचा पेशींचा वाण जाहीर केला. तो वाढतच राहतो, हवा तेव्हा त्यातून कोवळ्या तांबड्या पेशी काढता येतात. सगळ्याच केंद्रक टाकत नाहीत, त्यामुळे गाळून घ्याव्या लागतात.

तांबड्या पेशीवरचं बेसिजिन हे प्रथिन बघा. परजीवीचं आरएच५ हे प्रथिन त्याला धरतं, हे २०११ मध्ये कळलं. बेल-ए मधून बेसिजिन काढलं, तर फॅल्सिपेरमला शिरता येईना. मग शेपूट कापलेलं बेसिजिन परत घातलं, आणि परजीवी आरामात आत! म्हणजे पेशीच्या आतल्या बाजूला असलेली ती शेपूट शिरकावाला लागतच नाही. रक्तपेढीच्या पिशवीवर हा प्रयोग जन्मात झाला नसता. आणि आरएच५ वर बेतलेल्या लशींच्या चाचण्या आफ्रिकेत चालू आहेत. आपल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ लस डासातून आलेल्या परजीवीला यकृतात शिरण्याआधी अडवते. तिथून एखादा निसटला, तर हेच दुसरं दार उरतं.

माझं मागणं एवढंच आहे, की असे वाण आपल्या माणसांच्या रक्तातूनही व्हावेत. नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेलवाल्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात अशा घरांतून, लेखी संमती घेऊन, नावं सांभाळून. गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंत पेशी वाढवणारे हात पुण्यात भरपूर आहेत.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवलाय, फोकस लावलेला आहे, रांगेनं या. मधोमध फिकट गुलाबी पेशीत जांभळी अंगठी दिसेल. काचपट्टी मात्र हलवू नका.