सुपीरियरचा खटला

सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेलं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे बंदर. शहराचं नावही सुपीरियरच. इथल्या कॅथलिक धर्मप्रांताची सेवासंस्था, कॅथलिक चॅरिटीज ब्युरो, 1917 पासून गरीब, वृद्ध आणि अपंगांसाठी राबते आहे. अध्यक्ष खुद्द बिशप. पण मदत मागायला आलेल्याचा धर्म इथे कुणी विचारत नाही, नोकरी देतानाही नाही.

नेमकं हेच संस्थेच्या अंगाशी आलं.

इथल्या मालकांना कर्मचाऱ्यांच्या पगारावर राज्याचा बेरोजगारी कर भरावा लागतो; त्यातून नोकरी गेलेल्यांना भत्ता मिळतो. चर्चला सूट आहे. चर्चच्या संस्थेला ती दोन अटींवर मिळते: देखरेख चर्चची हवी आणि संस्था मुख्यतः धार्मिक हेतूने चाललेली हवी. 2016 मध्ये ब्युरो आणि तिच्या चार उपसंस्थांनी ही सूट मागितली. कर्मचारी वाऱ्यावर पडणार नव्हते. राज्यातल्या बिशपांनी 1986 मध्येच स्वतःची बेरोजगारी भत्ता योजना सुरू केली आहे.

देखरेखीबद्दल वाद नव्हता. घोडं अडलं हेतूपाशी. या संस्थांचं काम पाहा: अपंगांना कामाचं प्रशिक्षण, ने-आण, घरी जाऊन मदत. मार्च 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी म्हटलं, यामागची प्रेरणा धार्मिक असेल, पण काम ऐहिक आहे. इथे धर्मप्रसार होत नाही, उपासना होत नाही आणि लाभ सर्वांनाच मिळतो.

पण सेवेच्या आडून धर्मप्रसार करू नये, ही तर कॅथलिक शिकवणच आहे! म्हणजे सूट हवी असेल तर आपली शिकवण मोडा. सेवा करता करता धर्मप्रसार करणाऱ्या पंथाला मात्र हीच सूट सहज मिळेल.

5 जून 2025. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. निकालपत्र सोनिया सोटोमायोर यांचं. शिकवणुकीवरून पंथापंथांत भेद करायचा, तर राज्याकडे सबळ कारण हवं आणि नियम त्या कारणापुरताच बेतलेला हवा. 1982 च्या लार्सन खटल्यापासून हीच कसोटी आहे. कर्मचाऱ्यांचं संरक्षण हे आपलं कारण, असं राज्य म्हणालं. पण सूट अख्ख्या संस्थेला मिळते. सूट असलेल्या चर्चमधला सफाई कामगारही राज्याच्या योजनेबाहेरच राहतो. मग ब्युरोलाच वेगळा न्याय का, याचं उत्तर राज्याला देता आलं नाही.

पुढच्या कार्यवाहीसाठी प्रकरण विस्कॉन्सिनच्या न्यायालयाकडे परत गेलं. अशाच शब्दांतली सूट 40 हून अधिक राज्यांच्या कायद्यांत आहे. चर्चची मोठी रुग्णालयं ती मागू लागली, तर तिथल्या कर्मचाऱ्यांच्या भत्त्याचा प्रश्न उभा राहील.