बारा लीड, तीन घटक आणि उरलेली बाकी

मंडळी, ईसीजीच्या कागदावर बारा लीडचे आलेख छापलेले असतात; लीड म्हणजे अंगावरच्या जागांमधला विद्युतदाबाचा फरक दाखवणारी एकेक रेषा. अंगाला इलेक्ट्रोड मात्र दहाच लावतात, आणि त्यातला उजव्या पायाचा प्रत्यक्ष मोजणीत येत नाही. उरले नऊ. नऊ जागांमधले एकमेकांपासून स्वतंत्र असे विद्युतदाबाचे फरक आठच निघतात. म्हणजे बारापैकी चार लीड नुसत्या बेरीज-वजाबाकीने काढता येतात. एखाद्या क्षणी लीड एकमध्ये रेषा 7 मिलिमीटर वर असेल आणि लीड तीनमध्ये 4, तर लीड दोनमध्ये ती 11 असणारच. हा नियम विलेम आइन्थोव्हेन यांचा. ईसीजीसाठी 1924 चं नोबेल मिळालं ते यांनाच.

इथवरची बचत बिनचूक आहे. यापुढची संख्याशास्त्राची, म्हणून अंदाजाची.

आठही लीड एकाच हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात, त्यामुळे त्यांचे चढउतार एकमेकांशी बांधलेले असतात. प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस या पद्धतीत आठांचं असं मिश्रण शोधतात, की ज्यात सगळ्यात जास्त चढउतार सामावेल. मग उरलेल्यातून दुसरं, मग तिसरं. अशा एकेका मिश्रणाला घटक म्हणतात. बहुतेक ठोक्यांचा फार मोठा भाग या तिघांतच येतो. याला शरीरातलं कारण आहे: लांबून पाहिलं तर हृदयातला विद्युतप्रवाह अवकाशात फिरणाऱ्या एका बाणासारखा वागतो, आणि बाणाला दिशा तीनच. अर्नेस्ट फ्रँक यांनी 1956 मध्ये एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन लीडची मांडणी दिली, ती याच विचारातून. सेकंदाला 500 नोंदी धरल्या तर दहा सेकंदांच्या आठ लीडचे 40,000 आकडे होतात; तीन घटकांत ते 15,000 वर येतात, शिवाय मिश्रणाचे 24 गुणक. होल्टरवर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रावर, दिवसाला लाखभर ठोके नोंदले जातात, तिथे हा फरक किती मोठा, ते पाहा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. ही पद्धत चढउताराचा वर्ग मोजते. आर लाट, म्हणजे ठोक्यातलं उंच टोक, 20 मिलिमीटर उंच आणि एसटीचा भाग, म्हणजे त्यानंतरचा सपाटसा तुकडा, 1 मिलिमीटर वर उचललेला असेल, तर क्षणाला क्षण लावून पाहता पहिलीचं वजन 400 पट पडतं. पण डॉक्टर हार्ट अटॅकची शंका घेतात ती त्या एका मिलिमीटरवरून! गणिताला जे क्षुल्लक वाटतं, ते रुग्णासाठी क्षुल्लक असेलच असं नाही. म्हणून 'नव्व्याण्णव टक्के माहिती राखली' असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारतो: गेलेला एक टक्का ठोक्याच्या कुठल्या भागातला?

त्यासाठी प्रत्येक ठोक्यातून मॉडेलचा, म्हणजे तीन घटकांतून पुन्हा जुळवलेला, ठोका वजा करायचा आणि उरलेली बाकी वेगळी काढून पाहायची. नेहमीच्या ठोक्यांत ती बाकी स्नायूंच्या थरथरीसारखी, विस्कळीत दिसते. जवळच्या लीडमध्ये ती सलग एकाच बाजूला झुकली, किंवा एखाद्याच ठोक्यात एकदम वाढली, तर तेवढा भाग मूळ नोंदीतून पुन्हा काढून डॉक्टरांपुढे ठेवायचा.