मिठाला पाझर फुटण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मृग चार-पाच दिवसांवर आला. खानापूर-जांबोटीला वळिवानं दोनदा झोडपलंय, अथणी-रायबागकडे अजून धुरळाच उडतोय. आज मी बोलणार आहे ते सिगारच्या साठवणीबद्दल. सिगार ओढा असं मी कुणालाच सांगणार नाही. तंबाखू शरीराला वाईट, हे वखारीत वाढलेला माणूस म्हणून मी स्वच्छ सांगतो. पण आपल्या बेळगावात फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरं पुष्कळ, आखातात नोकरीला गेलेली पोरंही पुष्कळ. कुणीतरी प्रेमानं आणलेली सिगारची पेटी कपाटात असते आणि पावसाळ्यात ती तिथंच कुजते. कुणाच्या तरी हातांनी इतक्या निगुतीनं वळलेलं पान असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

माझं बालपण निपाणीत, विडीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. माझे वडील, आबा, बोदात, म्हणजे तंबाखू भरलेल्या मोठ्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालायचे. आत ऊब लागली की माल तापतोय, ओल जास्त झालीय, हे त्यांना कळायचं; लगेच बोद फोडून माल पसरायला लावायचे. मग मूठभर पाला घेऊन दाबायचे. गोळा तसाच राहिला तर माल ओला, चुरा झाला तर वाळका. आणि मूठ उघडल्यावर पाला हळूहळू, झोपेतून जागा झाल्यासारखा उलगडला, की म्हणायचे, "जमलं." शेतातही तीच रीत. वाळलेली तंबाखू भर उन्हात उचलायची नाही. पहाटे दहिवर पडून पान मऊ झालं की उचलायची, नाहीतर हातातच भुगा. या पानाच्या भावासाठी 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत शेतकरी हमरस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं गेली. हे पान आमच्याकडे सहज फेकून द्यायची वस्तू नाही.

तरी माझ्या हातून ते फेकलं गेलंच. पुतण्यानं दुबईहून 25 सिगारची पेटी आणली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, पेटीत ओला स्पंज ठेवा. मी जुलैत इमानानं ठेवला. गणपतीत पेटी उघडली, तर सिगारच्या टोकांवर पांढरी-निळसर लव आलेली, आणि वास भिजलेल्या गोणपाटाचा. वरचं पान बोटाला चिकटून सालीसारखं सुटून आलं. आत हात घालून ऊब ओळखणाऱ्या आबांचा मी मुलगा, आणि कागदावर विश्वासून बसलो!

तो कागद खोटा नव्हता. तो थंड देशांसाठी होता. तिकडे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी पडते, म्हणून पेटीत पाणी घालावं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उलटं आहे. पाणी हवेतच मावत नाही, ते पेटीत शिरू द्यायचं नाही हेच काम. आणि फेब्रुवारी ते मे पुन्हा सुलटं. आपल्या सीमाभागात सिगार सांभाळायची तर वर्षातून दोनदा पवित्रा बदलावा लागतो. सगळी गोष्ट इथंच आहे.

सिगारला मानवते ती 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या 65 ते 70 टक्के बाष्प, आणि 18 ते 21 अंश तापमान. हवा जेवढी गरम, तेवढं जास्त पाणी ती धरते. 20 अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते, 30 अंशांची 30 ग्रॅम. म्हणून आपल्या उबदार खोल्यांत मी 70 च्या मागे लागत नाही, 65 वर समाधान मानतो.

पण ओल फार झाली हे ओळखायचं कसं? घरातलं मीठ सांगतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागतं. जाडं मीठ थोडं आधीच. म्हणजे बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं, तर उघड्यावरचा सिगार बुरशीच्या वाटेवर आहे असं समजा.

पावसाळ्यासाठी रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या. ओलावा घेणाऱ्या आणि सोडणाऱ्या, दोन्ही कामं करणाऱ्या पुड्या मिळतात, त्यातली 65 ची ठेवा. पाण्याचा थेंबही नको. डबा पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, पावसाची झड तिथंच लागते. फ्रिजमध्ये नको, तिथली हवा कोरडी आणि वास भलतेच. तंबाखू वास ओढते, तेव्हा कापूर, चंदन, डांबरगोळ्या यांच्या शेजारी तर मुळीच नको. सिगारच्या पेट्यांना वापरतात ते लाकूड स्पॅनिश सीडर. नाव सीडरचं, पण कूळ महोगनीचं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचंच. डब्यात त्याची एखादी पट्टी टाकली तर उत्तम.

कीड वेगळी. तंबाखूचा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. अंडी पानात आधीपासून असू शकतात, आणि तापमान 25 च्या पुढे रेंगाळलं की अळ्या कामाला लागतात. वरच्या पानावर टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली की समजावं. हाच भुंगेरा हळद, मिरची, धणेही खातो. संकेश्वरी मिरची वर्षाची भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांत सिगारचा डबा मसाल्याच्या कोठीपासून लांबच हवा. भोकं दिसलीच, तर सिगार दुहेरी पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर तीन-चार दिवस ठेवा, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढलं तर पान तडकतं.

उन्हाळ्यात वाळलेला सिगार मात्र वाचवता येतो. घाई तेवढी नको. एकदम ओल दिली तर आतला पाला फुगतो आणि वरचं पातळ पान उभं फाटतं. आधी 62 ची पुडी, दोन आठवड्यांनी 65 ची. लव आलेल्या सिगारला मात्र मी पुसून-बिसून परत ठेवत नाही, ते टाकायचेच.

आर्द्रता दाखवणारं मीटर विकत घ्याल, तर त्याच्या आकड्यावर लगेच विसंबू नका. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. टोपण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत शेजारी-शेजारी ठेवून द्या. सकाळी काटा 75 वर हवा. 71 दाखवला, तर तुमचं मीटर 4 नं कमी बोलतं. डब्यावर तसं लिहून चिकटवा. मृगाआधी एवढं करायला एक रात्र पुरते.

नमस्कार.