फावल्या वेळचा धिंगाणा

श्रोतेहो, नमस्कार. रेकॉर्डिंग स्टुडिओत ज्याचं काम आधी उरकतं, त्याची मोठी पंचाईत होते. घरी जावं, तर बोलावणं कधी येईल याचा नेम नाही. बसून राहावं, तर करायचं काय? 1985 साली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, पिरॅमिड साउंड स्टुडिओत स्कॉट इयनची हीच गत झाली. अँथ्रॅक्स या थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट आणि कर्कश रॉक वाजवणाऱ्या बँडच्या ‘स्प्रेडिंग द डिसीज’ या अल्बमचं काम चालू होतं. आपल्या वाट्याची गिटार वाजवून तो मोकळा झाला आणि चित्रं काढत बसला. डोक्यावर हेल्मेट, तोंडात सिगार, चेहरा कवटीचा: हा सार्जंट डी. त्याच्या तोंडी वाह्यात वाक्यं घातली, आणि हळूहळू त्यांचीच गाणी होऊ लागली.

ड्रमर चार्ली बेनान्टे हाताशी होताच. बास वाजवायला आला डॅन लिल्कर. गंमत बघा, याच गड्याला आदल्या वर्षी अँथ्रॅक्समधून काढलं होतं! गायला बिली मिलानो. बँडचं नाव स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ, म्हणजेच एस.ओ.डी.

तीन दिवसांत अख्खा अल्बम उरकला. वीसेक गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्धा तास. दिवंगत रॉक गिटारवादकावरचं ‘द बॅलड ऑफ जिमी हेंड्रिक्स’ नावाला बॅलड, म्हणजे संथ कथागीत; त्याची ओळखीची गिटार सुरू होते न होते, तोच हेंड्रिक्स मेला असं ओरडून खेळ खलास. ‘मिल्क’ तर घरातलं दूध संपल्याचा त्रागा! पण त्यातले ड्रम नीट ऐका. बेनान्टेचे ते भन्नाट वेगाचे, सलग फटके म्हणजे ब्लास्ट बीट. मेटलमधल्या त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत या गाण्याचं नाव हमखास निघतं.

मेगाफोर्स रेकॉर्ड्सने हा अल्बम ऑगस्टमध्ये काढला. ज्या कामासाठी मंडळी इथाकाला गेली होती, ते ‘स्प्रेडिंग द डिसीज’ मात्र ऑक्टोबरमध्ये आलं.

एस.ओ.डी.च्या अल्बमचं नाव ‘स्पीक इंग्लिश ऑर डाय’, म्हणजे इंग्रजी बोला नाहीतर मरा. त्यावरून वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. ही सार्जंटची थट्टा आहे, आमची मतं नव्हेत, असं बँडवाले सांगत आले. मला तो खुलासा अर्धाच पटतो. पात्राच्या आडून बोललं तरी टोमणा बसतो तो परक्या देशातून पोटासाठी आलेल्यालाच.

म्हणून आज लावतोय पहिला तुकडा, ‘मार्च ऑफ द एस.ओ.डी.’ नुसती वाद्यं, शब्दांची भानगड नाही. घरात कुणी झोपलं असेल, तर आवाज बेतानेच वाढवा.