रुंद टेबलातला मर्ज

मर्ज म्हणजे आलेल्या रो (ओळी) टेबलातल्या रोंत मिसळणं. तो हळू चालला की पहिला संशय जॉइनवर, म्हणजे दोन्हीकडच्या रो जुळवण्यावर जातो. मंडळी एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) उघडून बसतात, कीवर (रो ओळखणाऱ्या कॉलमवर) इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे की नाही ते तपासतात. टेबल दोन-अडीचशे कॉलमचं असेल तर जुळणी हा त्यातला स्वस्त भाग. खरा खर्च लिहिण्याचा. आज पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतं बोलू, कारण आकडे इंजिनाप्रमाणे बदलतात.

समजा, ग्राहकांचं टेबल आहे. ४ कोटी रो, २४० कॉलम, एक रो सरासरी १,६०० बाइट. पोस्टग्रेसचं पान (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचा एक तुकडा) ८ केबीचं, त्यात अशा ५ रो मावतात. म्हणजे ८० लाख पानं, साधारण ६५ जीबी. रोज रात्री ६ लाख रोची फाइल येते आणि ती यात मिसळायची.

पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे खोडून त्याच जागी लिहिणं नव्हे. पिनकोडचा एक आकडा बदलला तरी २४० कॉलमची अख्खी नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी प्रत व्हॅक्युम (मेलेल्या प्रती साफ करणारं काम) येईपर्यंत जागा अडवून पडते. त्यावर वॉलचा, म्हणजे प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या लॉगचा, खर्च. चेकपॉइंटनंतर (मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवून झाल्यावर) एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते पान अख्खंच्या अख्खं वॉलमध्ये उतरतं. ६ लाख रो ८० लाख पानांत विखुरलेल्या, म्हणजे जवळपास प्रत्येक रोमागे एक वेगळं पान. हिशेब करा, साडेचार जीबीच्या वर वॉल. रेप्लिका (वॉल वाचून चालणारी डेटाबेसची दुसरी प्रत) रात्री मागे पडतो तो इथे.

आता त्या ६ लाखांपैकी खरोखर बदललेल्या किती? रोज पूर्ण यादी पाठवणाऱ्या फीडमध्ये बहुतेक रो कालच्याच असतात. बदललेल्या ४० हजार निघाल्या तर तोच खर्च पंधरावा हिस्सा होतो. म्हणून न बदललेल्या रोला हात लावायचा नाही, आणि ही चाळणी मुख्य टेबलावर लिहायच्या आधी लावायची.

‘आधी’ या शब्दावर जोर आहे. इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट (की आधीच असेल तर नवी रो न घालता जुनी बदला) लिहून त्याला व्हेअर (अट) जोडला की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. व्हेअर खोटा ठरला तरी ती रो लॉक होते, लॉकची खूण रोच्या हेडरमध्ये लिहिली जाते, पान बदलतं आणि वॉलमध्ये जातं. बदल शून्य, बिल पूर्ण. शिवाय आयडी सीक्वेन्सवरून (ओळीने नंबर देणाऱ्या मोजणीवरून) येत असेल तर प्रत्येक टकरीत एक नंबर वाया.

तेव्हा क्रम असा ठेवा. फाइल कॉपी कमांडने अनलॉग्ड (वॉल न लिहिणाऱ्या) स्टेजिंग (कच्चा माल उतरवायच्या) टेबलात भरा. तिथेच एका कीची एकच रो ठेवा, नाहीतर मर्ज आणि ऑन कॉन्फ्लिक्ट दोन्ही ‘एकाच रोवर दुसऱ्यांदा हात लावता येत नाही’ म्हणून थांबतात, आणि ते चांगलंच आहे. मग अॅनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा. स्टेजिंग टेम्पररी असेल तर ऑटोव्हॅक्युम (हे काम आपोआप करणारा) तिकडे फिरकतच नाही आणि प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अंदाजाने चुकीचा जॉइन निवडतो. त्यानंतर जॉइन करून फक्त नव्या आणि बदललेल्या कीज वेगळ्या काढा आणि ५ ते २० हजारांच्या गठ्ठ्यांत, कीच्या क्रमाने लिहा. प्रत्येक गठ्ठ्यानंतर कमिट. एकच लांबलचक ट्रान्झॅक्शन चालू ठेवलं तर तेवढा वेळ व्हॅक्युमला नवी मेलेली रो उचलता येत नाही.

बदल ओळखताना ‘बरोबर नाही’ हे चिन्ह वापरू नका. एका बाजूला नल (किंमतच नाही) असेल तर उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, आणि रिकामा मोबाइल नंबर भरला गेल्याचा बदल गुपचूप गळतो. इज डिस्टिंक्ट फ्रॉम वापरा, ते नललाही किंमत धरून तुलना करतं. कॉलमचा अख्खा संच कंसात घालून एकदम तुलना करता येते. काही जण हॅशचा (रोच्या मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशाचा) कॉलम ठेवतात. ठेवा, पण कॉलम कॉन्कॅट डब्ल्यूएस या फंक्शनने चिकटवून नको. ते नल गाळतं, त्यामुळे घरचा नंबर कामाच्या नंबरच्या कॉलममध्ये सरकला तरी हॅश तोच राहू शकतो.

फिलफॅक्टरचंही (पान किती टक्के भरायचं त्या सेटिंगचं) सांगतो, कारण तो डोळे मिटून ९० करायची पद्धत आहे. नवी प्रत त्याच पानात मावली आणि इंडेक्समधला कुठलाही कॉलम बदलला नाही, तर इंडेक्सना नव्या नोंदी लागत नाहीत. याला हॉट अपडेट म्हणतात. आपल्या १,६०० बाइटच्या रोला ९० ठेवा नाहीतर ८०, पानात चारच रो बसतात आणि एकीची जागा उरते. रो ७०० बाइटची असती तर गणित वेगळं निघालं असतं. जुन्या पानांना हा बदल लागू होत नाही, टेबल पुन्हा लिहावं लागतं. आणि ‘शेवटचा बदल’ या तारखेच्या कॉलमवर साधा बी-ट्री इंडेक्स असेल तर हे सगळं फुकट, कारण तो कॉलम प्रत्येक अपडेटला बदलतोच. इंडेक्स बारा असतील तर बाराही ठिकाणी नोंद.

आता मर्जचा दुसरा प्रकार, एकाच ग्राहकाच्या दोन रो मिळून एक करणं. इथे कोअलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) लावून कॉलमागणिक ‘मिळेल ते’ उचललं की पुण्याचा पत्ता आणि नागपूरचा पिनकोड असलेला माणूस तयार होतो. कॉलमांचे गट करा. पत्त्याचे पाच कॉलम एकत्र, एकाच रोमधून. रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल नव्हे, तिला आधी नलिफ लावून नल करा.

हरलेली की (जी रो काढायची तिची) आणि राहिलेली की यांचं नकाशा-टेबल बनवा. त्यात अ गेला ब मध्ये आणि ब गेला क मध्ये अशा साखळ्या असतात, त्या आधी सरळ करा. मग ऑर्डर, तक्रारी वगैरे चाइल्ड टेबलं (ग्राहकाच्या कीचा हवाला देणारी) राहिलेल्या कीकडे वळवा. त्यांच्या फॉरेन की (हा हवाला ठेवणाऱ्या) कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स करत नाही. तो नसेल तर प्रत्येक डिलीटला पूर्ण चाइल्ड टेबल वाचलं जातं. हरलेल्या रो सगळ्यात शेवटी काढा, आणि त्याआधी फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड (मूळ रो गेली की चाइल्ड रोही काढणारा नियम) आहे का ते बघा. असेल आणि एखादं चाइल्ड टेबल वळवायचं राहिलं असेल, तर त्या ग्राहकाच्या ऑर्डरी एकही एरर न देता निघून जातात.