शिंपल्याच्या मांसातला मेद

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यात नदीचं पाणी गुडघ्याखाली उतरलं की तळातल्या गाळात तळव्याला काहीतरी टणक लागतं. काढून धुतलं की बाहेरून काळपट-हिरवं, आतून मोत्यासारखं चमकणारं. हा गोड्या पाण्यातला शिंपला, शास्त्राच्या भाषेत लॅमेलिडेन्स. आपल्या नद्यांपासून बंगालच्या तळ्यांपर्यंत तो सापडतो आणि अनेक ठिकाणी आवडीनं खाल्लाही जातो.

आतलं मांस बुळबुळीत लागतं, तुपकट नाही. मेद शंभर ग्रॅमला जेमतेम एक-दोन ग्रॅम. पण मला त्या चिमूटभर मेदाचंच अप्रूप आहे.

तो वेगळा करताना मांस बारीक वाटून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल या द्रावकांमध्ये घुसळतात, थोडं पाणी घालतात आणि भांडं स्थिर ठेवतात. हळूहळू दोन थर दिसू लागतात. घरात तेल नेहमी वर तरंगतं. इथं मेद खाली जातो, कारण तो ज्यात विरघळलाय ते क्लोरोफॉर्म पाण्याहून जड असतं.

मेद ज्या घटकांनी बनतो त्यांना मेदाम्लं म्हणतात. त्या खालच्या थरात पामिटिक नावाचं मेदाम्ल सापडतं, तसं ते तुपातही असतंच. खरी दौलत पुढे आहे. मासळीच्या तेलात असतात ती ओमेगा-३ मेदाम्लं, ईपीए आणि डीएचए, इथंही मिळतात. समुद्रातल्या कालवांत यांचाच वरचष्मा असतो; नदीतल्या शिंपल्यात ॲराकिडोनिक या ओमेगा-६ मेदाम्लाचा वाटा त्या मानानं बराच मोठा.

असं का? शिंपला एका जागी रुतून दिवसभर पाणी गाळतो, त्यात येईल ते खातो. डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं मिळाली, तर ईपीए आयतंच पोटात जातं. हिरव्या शेवाळातून लिनोलिक आणि लिनोलेनिक ही मेदाम्लं येतात. जिवाणू खाल्ले, तर त्यांची खास मेदाम्लं, ज्यांच्या कार्बनच्या साखळीला फांदी फुटलेली असते, अंगात दिसतात. म्हणजे त्याच्या मेदावरून महिनोन्‌महिने त्याचं जेवण काय होतं ते वाचता येतं! मैलापाणी आणि खतं उतरून नदीवर निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरली, की मात्र त्याची उपासमारच म्हणायची. त्या सायीत ईपीए, डीएचए जवळजवळ नसतंच.

आणि हो, गाळताना तो शिसं, कॅडमियमही अंगात साठवतो. तेव्हा नाल्याच्या तोंडाशी मिळालेले शिंपले, कितीही टपोरे दिसले तरी, घरी आणू नका.

नमस्कार.